निळी साखर

माझ्या वडलांनी आयुष्यात एकच शास्त्रीय संशोधन केलं आणि ते साफ चुकलं. चूक त्यांची नव्हती, माझी होती. हे मी घरात दोन-तीनदा बोलून दाखवलंय, पण आमच्याकडे माझी कबुली कोणी मनावर घेत नाही. म्हणून आता लिहूनच ठेवते.

वडील बस चालवत. मोरजीहून सकाळी निघायची, पार्सेला आमच्या घरासमोर थांबायची आणि कोलवाळच्या पुलावरून म्हापशाला जायची. म्हातारी माणसं तिला 'कार्रेर' म्हणत, कंडक्टर 'लाईन' म्हणे आणि वडील नुसतं 'ती' म्हणत. 'ती आज खोकता', 'चडावार तिचो जीव जाता' असं काहीतरी ते जेवताना बोलले की नवा पाहुणा आईकडे काळजीनं बघायचा. आई शांतपणे आमटी वाढायची.

मी तेव्हा म्हापशाच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय रसायन. जायचे वडलांच्याच गाडीतून, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, आणि तिकीट काढून. होय, तिकीट काढून! "बापाशीची गाडी म्हणान तू फुकट बसलंस तर उद्या अख्खो गाव माका मामा म्हणतलो," असं वडलांचं म्हणणं. कंडक्टर ओशाळून तिकीट फाडायचा, मी रागानं घ्यायचे. त्या पिवळ्या तिकिटांचा एकच उपयोग होता, पुस्तकात खुणेला घालायचा. माझ्या प्रत्येक पुस्तकातून पिवळ्या जिभा बाहेर आलेल्या असायच्या.

गोवा घटक राज्य झालं, त्यानंतर लगेचचे ते दिवस. त्याआधीच्या वर्षी भाषेचा वाद पेटला होता आणि रस्त्यावर झाडं आडवी घातलेली असायची. वडलांना दोन्ही बाजूंचे लोक विचारत, तुमचं मत काय? वडील म्हणत, "मराठीवाले फुडल्या दारान चडतत, कोंकणीवाले मागल्या. गर्दी झाली काय दोगव एकाच भाषेत गाळी घालतत." याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही. घरी पेपर मराठी वाचत, गाडीशी कोंकणीत बोलत.

त्यांचं लायसन्स नूतनीकरणाला आलं होतं. लायसन्सला ते 'कार्त' म्हणत, कारण पहिलं त्यांनी पोर्तुगीज अमलात काढलेलं. पुढे त्यावर केंद्रशासित प्रदेशाचा शिक्का आला आणि आता गोवा राज्याचा पडणार, याचं त्यांना कोण अप्रूप! "सीटीवरसून उठाक नाय, तरी तीन सरकारां बघलंय," असं ते ज्याला त्याला सांगत. पण जड वाहन म्हणून डॉक्टरचा दाखला लागत होता, आणि तिथं घोडं अडलं.

आमच्या आरोग्य केंद्रात नवी डॉक्टरीण आली होती. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल. तिनं वडलांचं रक्त तपासलं, कागद बघितला, पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. म्हणाली, "काका, साखर उतरली की सही करीन. तुम्हाला चक्कर आली तर तुमच्या मागं पन्नास माणसं बसलेली असतात."

वडील म्हणाले, "बाई, पन्नास नाय. बाजाराच्या दिसा ऐंशी असतत."

हे सांगायला नको होतं. डॉक्टरणीनं गोळ्या लिहून दिल्या, साखर बंद म्हणून सांगितलं आणि सहीचा कागद खणात टाकला. लायसन्स संपायला दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत साखर उतरली नाही तर वडील घरी बसणार, एवढा सरळ मामला होता. वडलांना दुसरं काहीच येत नव्हतं. कुळागरात, माड-पोफळींना पाणी शिंपायला सांगितलं तरी ते पाटाला हात दाखवून 'वळ, वळ' म्हणणारे. घरात बसलेले वडील ही कल्पना त्यांच्याइतकीच आईलाही सोसवेना. तिनं त्याच दिवशी साखरेचा डबा फळीवर वर ठेवला.

वडील खुशीत होते. कारण डॉक्टरीण साखर बंद म्हणाली होती, गोडाबद्दल ती काहीच बोलली नव्हती.

गोड म्हणजे माडाचं गोड. माडाच्या पोयीतून, म्हणजे कोवळ्या तुऱ्यातून, उतरवलेला ताजा रस, सूर, आटवून आटवून केलेला काळा, ओलसर गूळ. आमच्या घरामागेच वडलांचा लहानपणापासूनचा दोस्त राहायचा, तो रेंदेर. रेंदेर म्हणजे सूर काढायला माडावर चढणारा. रोज संध्याकाळी तो माडावरून उतरला की केळीच्या पानात एक गोळा आमच्या जनेलावर, खिडकीत, ठेवून जायचा, आणि वडील चहाबरोबर, पेजेबरोबर, कधी नुसताच, तो संपवायचे. त्यांचा सिद्धांत पक्का होता. "साखर मशिनीतली. गोड झाडाचा. झाडाचा अंगाक कळता, मशिनीचा कळणा नाय. म्हणान साखर रगतात फिरत ऱ्हवता."

मी म्हटलं, "बाबा, असं काही नसतं."

"तू बी.एस्सी. झालंस?"

"नाही अजून."

"मगे?"

मलाही खुमखुमी होती. कॉलेजात नुकतंच आम्हाला लघवीतली साखर तपासायची रीत शिकवली होती. एक निळं औषध असतं. परीक्षानळीत चमचाभर ते घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब घालायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटेसारखं तांबडं झालं की संपलं. म्हापशाच्या फार्मसीत ते औषध मिळायचं. मी बाटली आणि दोन नळ्या घेऊन आले. वडलांना म्हटलं, आता बघू तुमचं झाड काय म्हणतं.

आईनं सैपाकघरात हा प्रकार करू देणार नाही म्हणून बजावलं. मग न्हाणीतल्या चुलीवर प्रयोगशाळा मांडली. नळी धरायला चिमटा नव्हता, वडलांनी गाडीतली पक्कड आणली. पहिल्याच दिवशी नळी उकळायला लागली, रंग हिरवा झाला, पिवळा झाला आणि बघता बघता चक्क वीट.

"देवा!" आई दारातून म्हणाली. "ह्येंच्या पोटात कौलांची भट्टी असा."

वडील मात्र मुळीच डगमगले नाहीत. गाडीचं काम करताना त्यांचा एक नियम होता, एका वेळी एकच पार्ट बदलायचा. दोन एकदम बदलले तर गाडी कशानं सुधारली ते कळत नाही. तोच नियम त्यांनी स्वतःला लावला. पहिल्या आठवड्यात पाव बंद केला, गोड चालू. वीट. दुसऱ्या आठवड्यात भात अर्धा केला, गोड चालू. वीट. तिसऱ्या आठवड्यात केळी बंद, पाव पुन्हा चालू, गोड चालू. डिझेल आणि ऑइल टिपून ठेवायच्या वहीच्या मागच्या पानांवर ते रोज रंग लिहीत. सगळं बदलून झालं, फक्त गोड बदलायचं त्यांच्या मनात येत नव्हतं. मी तसं सुचवलं की ते म्हणायचे, "चलता पार्ट कित्याक काडूचो?"

शेवटी आईनंच टोकलं. "अवो, टाकीत काय असा ता बघूक नाय, आणि इंजिन खोलून बसलासात."

ही भाषा वडलांना कळली. डिझेलात पाणी आहे का हे इंजिनाला विचारत नाहीत, टाकीतून थोडं काढून बघतात. तर मग लघवी कशाला? सरळ गोडच नळीत घालू! एका नळीत गोड पाण्यात विरघळवून, दुसरीत कारखान्याची साखर. दोन्ही एकदम चुलीवर. मलाही ही कल्पना एकदम पटली. खरं सांगायचं तर मला तेव्हा अभिमान वाटला की आपले वडील कसा शास्त्रज्ञासारखा विचार करतात.

रविवारची सकाळ होती. आई मुद्दाम पाट घेऊन न्हाणीच्या दारात बसली. दोन पक्कडी, दोन नळ्या. एक वडलांच्या हातात, एक माझ्या. वडलांच्या हातात गोडाची, कारण त्यांचा त्याच्यावर भरवसा होता.

गोडाची नळी हिरवी झाली. मग पिवळी झाली. मग वीट.

साखरेची नळी निळी राहिली. उकळली, खदखदली, वर येऊन माझ्या हातावर उडाली, पण निळी ती निळीच.

आई म्हणाली, "म्हणजे साखरेत साखर नाय?"

आता इथं माझी अक्कल बघा. मी कॉलेजात शिकणारी मुलगी. 'थांबा, उद्या सरांना विचारते' एवढं म्हणायला काय जात होतं? पण नाही. मी पुस्तकी आवाजात म्हटलं, "निळा राहिला म्हणजे साखर नाही. रंग खोटं बोलत नाही."

"गोड लागता ता?"

"आई, गोड लागणं वेगळं आणि साखर असणं वेगळं. त्या फार्मसीत मिळणाऱ्या बारीक गोळ्या असतात, त्या गोड लागतात. त्यांत कुठं साखर असते?"

एवढं बोलून मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण वडलांनी विचारलं, असं होतं कसं? आणि मी म्हटलं, "कारखान्यात शुद्ध करतात ना, त्यात निघून जात असेल."

हे वाक्य आठवलं की अजून माझे कान तापतात.

वडील बराच वेळ ती तांबडी नळी उजेडात धरून बघत बसले. मग त्यांनी वहीत लिहिलं: गोड वीट, साखर निळी. आणि खाली रेघ मारली. माणूस हट्टी होता, पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं नाकारणारा नव्हता. चाळीस वर्षं जे गोड खाल्लं ते त्यांनी त्या क्षणाला सोडलं. संध्याकाळी रेंदेर पानातला गोळा घेऊन आला तेव्हा वडलांनी तो त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "आजपासून नको. तुज्या गोडात साखर असा."

रेंदेर आधी हसला, मग त्याला वाटलं दोस्त चेष्टा करतोय, मग वडलांनी त्याला वही दाखवली. त्याला वाचता येत नव्हतं. "तुजो बापूस ह्या गोड खावन नव्वद वर्सां जगलो!" एवढं बोलून तो गेला आणि जाताना त्यानं आमचं फाटक इतक्या जोरात आपटलं की बिजागरी निघाली.

आईनं फळीवरचा साखरेचा डबा खाली काढला. वडलांना गोडाची सवय, म्हणून चहात साखर तीन चमचे लागायला लागली. डॉक्टरीण काय म्हणाली होती? साखर बंद. म्हणजे ज्यात साखर आहे ते बंद. ते तर बंद केलंच होतं.

हे सगळं आमच्या न्हाणीत राहिलं असतं तर निभावलं असतं. पण वडलांच्या हातात ऐंशी माणसांची सभा होती, रोज चार फेऱ्यांची. पहिल्याच सोमवारी कोलवाळच्या अलीकडे, अरुंद पुलावरून समोरची वाहनं येईपर्यंत गाडी थांबली तेव्हा त्यांनी मागं वळून जाहीर केलं, "मधुमेहवाल्यांनी गोड बंद करूचा. साखर खाल्ली तरी चलात. माज्या चेडवान कॉलेजातल्या औषधान तपासल्यान." सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. मी लाजून पुस्तकात डोकं घातलं, पण आतून उकळ्या फुटत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी माझं नाव इतक्या कौतुकानं घेतलं होतं.

गाव जे समजायचं ते समजला. पुढच्या सीटवर मोरजीची एक म्हातारी मासळीवाली बसायची, पाटी पायात घेऊन. तिच्या नवऱ्याला मधुमेह होता. तिनं मला रोज प्रश्न विचारायला सुरुवात केली. साखर जाडी घ्यायची की बारीक? रात्रीची चालेल का? मी उत्तरं देत गेले. लाज सोडून सांगते, मी तिला जाडी साखर घ्यायला सांगितली.

रेंदेर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गोड विकायला न्यायचा, आमच्याच गाडीतून. आता तो सगळ्यात मागच्या सीटवर बसायला लागला, टोपली मांडीवर घेऊन. वडील आरशातून त्याच्याकडे बघत, तो खिडकीबाहेर बघे. चढताना कंडक्टरला मोठ्यानं म्हणायचा, "एक तिकीट माका, एक ह्या विषाक." वडील गियर टाकायचे आणि तो गियर त्या दिवशी नीट पडायचा नाही.

सहामाही परीक्षा जवळ आली म्हणून मी शेवटी पुस्तक उघडलं. साखरेचा धडा जेवणानंतरच्या तासाला झाला होता, त्या तासाला मी डोळे उघडे ठेवून झोपायचे. गाडीतच वाचत होते. धारगळच्या वळणावर एका ओळीशी आले आणि ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. उसाची साखर या निळ्या औषधाला दाद देत नाही. तिच्यात दोन साखरा एकमेकींना अशा घट्ट धरून बसलेल्या असतात की औषधाला धरायला काही सापडतच नाही. पोटात गेली की मात्र त्या सुटतात आणि रक्तात जातात. गोडात त्या थोड्याशा आधीच सुटलेल्या असतात, म्हणून ते तांबडं होतं. म्हणजे साखर निळी होती ती औषधापुरती. वडलांच्या रक्ताला ती साखरच होती, रोज तीन चमचे, चार वेळा.

मी हातातलं तिकीट त्या पानात घातलं आणि पुस्तक मिटलं.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. समोर दोन हातांवर वडलांचा शर्ट दिसत होता. पण गाडी चालवताना कसं सांगणार? घरी गेल्यावर सांगू. घरी गेले तर ते जेवत होते. जेवताना कसं सांगायचं? दुसऱ्या दिवशी गाडीचा पट्टा तुटलेला, त्यांचं डोकं फिरलेलं. तिसऱ्या दिवशी ते इतके आनंदात होते की मन होईना. चौथ्या दिवशी मी ठरवूनच गेले, 'बाबा' म्हणून हाकही मारली आणि विचारलं, "चहा ठेवू?" ठेवला, आणि त्यात साखर घातली, माझ्या हातानं. भ्याले होते मी, दुसरं काही नाही. ते ओरडतील म्हणून नव्हे. ज्या तोंडानं त्यांनी सगळ्या गाडीला माझं कौतुक सांगितलं, ते तोंड कसं होईल, हे मला बघायचं नव्हतं.

मधल्या सोमवारी तिकिटाचे दर वाढले. पिवळी तिकिटं गेली, हिरवी आली.

आठव्या दिवशी मासळीवाली म्हणाली, "बाय, तुजा आयकून घोवाक माज्या पाच चमचे देतंय. पण दीसभर न्हिजान असता मगो. उठूकच बघणा नाय." तिला तिथंच सांगितलं की आजच्या आज साखर बंद कर आणि म्हाताऱ्याला घेऊन डॉक्टरणीकडे जा. ती म्हणाली, "आणि गोड?" मी म्हटलं, "गोडही नको. काहीच नको." तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

त्या संध्याकाळी पुस्तक घेऊन वडलांसमोर उभी राहिले. खुणेचं पान उघडून पुढं धरलं आणि ती ओळ बोटानं दाखवली. ओळ इंग्रजी. मी मराठीत सांगत गेले आणि ते ऐकत गेले. दोन साखरा, घट्ट धरलेल्या. पोटात गेल्यावर सुटतात. आई चुलीपाशी पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

वडलांनी पुस्तक हातात घेतलं. पान बघितलं, पानातलं तिकीट बघितलं, तिकीट शर्टाच्या खिशात टाकलं. मग न्हाणीत गेले, दोन्ही नळ्या धुतल्या आणि उपड्या ठेवल्या. साखरेचा डबा आईनं पुन्हा फळीवर चढवला. लायसन्स संपायला तेरा दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी कोलवाळच्या अलीकडे वडलांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि सीटवरून उठले. चालत्या फेरीत सीटवरून उठलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मधल्या वाटेत उभे राहून म्हणाले, "मी तुमका साखर खावक सांगलंय. ता चुकीचा. साखर ती साखर, गोड ता पण साखर. रगताक दोनय सारकी. डॉक्टरीण सांगता तसा करा. चूक माजी."

मी उठायला लागले. मला सांगायचं होतं की त्यांची नाही, माझी. वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस. गाडी चालू करतंय."

मागून रेंदेराचा आवाज आला, "म्हणजे माजा गोड बरा?"

"नाय. ताय वायट."

"मगे फाटक आपटलंय ता बराच केलंय," रेंदेर म्हणाला. सगळी गाडी हसली, वडीलसुद्धा. त्या शुक्रवारपासून तो पुन्हा पुढच्या सीटवर बसायला लागला. बिजागरीही त्यानंच येऊन बसवली. मासळीवालीचा नवराही डॉक्टरणीच्या गोळ्यांनी उठून बसला आणि बायकोला शिव्या द्यायला लागला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

तेरा दिवस वडलांनी गोड, साखर, पाव सगळं सोडलं. एकच पार्ट बदलायचा नियमही सोडला. न्हाणीतली नळी विटेवरून पिवळ्यावर आली, पिवळ्यावरून हिरव्यावर. तेराव्या दिवशी आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरणीनं कागद बघितला, पेन उचललं. तिनं पेन खाली ठेवलं. "खूपच उतरलीय, काका. पण अजून थोडी. आठ-दहा दिवसांनी या."

आठ दिवस! मी हिशेब केला आणि तिथल्या बाकावर बसले. मी ज्या दिवशी वाचलं त्याच दिवशी सांगितलं असतं, तर आज सही झाली असती.

लायसन्स संपलं. गाडीवर सावंतवाडीकडचा एक ड्रायव्हर बदली आला. वडील घरी बसतील तर शपथ. रोज सकाळी तिकीट काढून ते माझ्या शेजारी, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे, म्हापशाला जायचे आणि त्याच गाडीनं परत यायचे. बदली ड्रायव्हर चांगला होता, हेच त्यांचं मोठं दुखणं. वळण आलं की वडलांचा उजवा पाय पुढं जायचा आणि पत्र्यावर ब्रेक दाबायचा. उतारावर डावा पाय क्लच दाबायचा. नऊ दिवस मी त्यांच्या शेजारी बसून ते दोन पाय बघितले. पुस्तक उघडलं नाही.

दहाव्या दिवशी डॉक्टरणीनं सही केली. पुढच्या आठवड्यात वडील नवं लायसन्स घेऊन घरी आले, त्यावर गोवा राज्याचा शिक्का. आईनं ते देवासमोर ठेवलं. वडलांनी ते परत उचललं, उघडलं आणि आतून काहीतरी काढून माझ्यापुढं धरलं. पिवळं तिकीट.

"घे. तुजा असा."

मला आधी काहीच कळलं नाही.

"ज्या सांजेक तू पुस्तक दाखवलंस," वडील म्हणाले, "त्या दिसा हिरवी तिकिटां होती."

मी ती ओळ पिवळ्या तिकिटांच्या दिवसांतच वाचली होती, हे त्यांना पहिल्याच दिवसापासून ठाऊक होतं. गाडीत उभं राहून 'चूक माजी' म्हणाले तेव्हाही ठाऊक होतं. त्या सीटवर नऊ दिवस पत्र्यावर पाय दाबत होते, तेव्हाही तिकीट खिशात होतं. मला रडूच फुटलं. भोकाड पसरलं म्हटलं तरी चालेल, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं.

वडील गडबडले. रडणारं माणूस त्यांना बिघडलेल्या गाडीपेक्षा जड जाई. "अगो, रडतंस कित्याक? फुडल्या खेपेक वेळार सांग, इतक्याच. मी काय तुका खातंय?"

चुलीपाशी आईनं मान वर केली नाही. म्हणाली, "खातले कसे? गोड बंद असा त्येंचा."